पहिली कादंबरी स्वतःच छापायची आहे : पालखी, गावकी आणि मुंबई मंडळ

सड्यावरची

नमस्कार मंडळी. मूळ राजापूर तालुक्यातली, नोकरीमुळे रत्नागिरीत. पहिली कादंबरी लिहून झाली आहे, साठ हजार शब्दांच्या आसपास. शिमग्यात पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार यावरून गावात वाद पेटतो, तहसीलदारांकडे बैठका होतात, मुंबई मंडळाचे (मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे) दोन तुकडे पडतात आणि पालखी सहाणेवरच, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावरच, बसून राहते, असा विषय. मुख्य पात्र गुरवाची सून. तिचा देवीवर विश्वास आहे, मानकऱ्यांवर नाही.

एका प्रकाशकानं कादंबरी आवडल्याचं कळवलं, पण "तीनशे प्रती लेखिकेनं विकत घ्याव्यात" अशी अट घातली. तीनशे प्रती मीच विकायच्या असतील तर पुस्तक तरी माझं का नसावं, म्हणून स्वतः छापायचं ठरवलंय. छपाईचं गणित, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), विक्री, सगळ्यावर बोला. आणखी एक काळजी आहे. गावातले लोक "हे आपल्यावरच लिहिलंय" म्हणणार. काकांचं मत, देवळात गाऱ्हाणं (देवापुढची प्रार्थना) घालून तिथंच प्रकाशन करावं, म्हणजे कोणी काही बोलणार नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाहीये.

पहिली तीन प्रकरणं आणि सातवं प्रकरण वाचायला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खिळेजुळारी

कुडाळला प्रेस आहे आमची. वडिलांच्या वेळी खिळे (शिशाची अक्षरं) जुळवत होतो, आता सगळं संगणकावर. ताई, आधी पानं मोजा. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात पानाला २८० शब्द धरले तर साठ हजार शब्दांची २१५च्या आसपास पानं होतात. त्यावर शीर्षकपान, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका. छपाईचा एक फॉर्म (एकत्र छापून दुमडलेला जुडगा) सोळा पानांचा असतो, म्हणजे चौदा फॉर्म, २२४ पानं. त्यात बसवा. दोन पानं जास्त झाली तर अख्खा फॉर्म वाढतो आणि शेवटी चौदा कोरी पानं राहतात.

२२४ला चिकटून राहा म्हणण्याचं दुसरं कारण टपाल. सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) कागदावर एवढं पुस्तक मुखपृष्ठासकट अडीचशे ग्रॅमच्या थोडं पुढं जातं, पाकिटात घालून पावणेतीनशे. टपाल खात्याची जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट २०२४च्या डिसेंबरात बंद झाली, त्या जागी मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' आलीय. तिथं तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. २५६ पानांचं केलंत तर पाकिटासकट तीनशेच्या वर जाल आणि प्रत्येक प्रतीला पुढचा दर भराल. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिराती नकोत. म्हणजे मलपृष्ठावर काजू-फॅक्टरीची जाहिरात घेऊन खर्च काढायचा विचार कोणी सुचवला तर नाही म्हणा. (सुचवतात. आमच्याकडे आलेत तसले.)

शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढं ऑफसेट. मधल्या आकड्याला दोन्हीकडून भाव घ्या. कागद नॅचरल शेड, पांढराशुभ्र नको. मुखपृष्ठ तीनशे जीएसएम, मॅट लॅमिनेशन. एकाच बाजूला लॅमिनेशन असलं की आपल्याकडच्या जूनमध्ये कव्हर वळायला लागतं, कागद आतल्या बाजूनं ओल पितो म्हणून. गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधून घ्या आणि जमिनीवर किंवा माळ्यावर ठेवू नका. वाळवी काय वाचते त्याला काही हिशेब नसतो.

पायरीचा_आंबा

माझं मत वेगळं आहे. तीनशे प्रतींची अट वाईटच, पण प्रकाशक फक्त छापून देतो असं समजू नका. संपादन कोण करणार? हल्ली स्वतः छापलेल्या दहा पुस्तकांपैकी नऊ पहिल्या पानावर शुद्धलेखनात मार खातात आणि मधल्या शंभर पानांवर कंटाळा आणतात. पैसे छपाईवर नाही, संपादकावर घाला.

सड्यावरची

@पायरीचा_आंबा, हे मान्य. मुद्रितशोधन एका निवृत्त शिक्षिकेकडे दिलंय. संपादक कुठं शोधायचा?

पायरीचा_आंबा

मुद्रितशोधन वेगळं, संपादन वेगळं. शिक्षिका ऱ्हस्व-दीर्घ बघतील. पालखीचा वाद नव्वदाव्या पानावर सुरू होतो, तो चाळिसाव्यावर आणा, हे कोणी सांगायला हवं. पुण्या-मुंबईत मोबदला घेऊन हे काम करणारे आहेत. नमुन्याला वीस पानं द्या, त्यावर काय खुणा करतात ते बघा, मग ठरवा. खुणाच केल्या नाहीत आणि "छान आहे" म्हणाले तर दुसरा बघा.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणच्या वाचनालयांशी संबंध आहे माझा, म्हणून त्या बाजूनं लिहितो.

आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्याचे पैसे मागणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. छापील पुस्तकाला एक आणि ई-बुकला वेगळा क्रमांक लागतो. क्रमांक स्वतःच्या नावावर घ्या. 'पॅकेज' विकणाऱ्या कंपन्या तो त्यांच्या नावावर घेतात आणि मग दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी लेखक अडकतो. छपाईच्या फायली, मुखपृष्ठाची मूळ फाईलसुद्धा, तुमच्याकडेच राहतील असं लेखी घ्या.

१९५४च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं सेंट्रल लायब्ररी, दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापलं की प्रकाशक तुम्हीच. बहुतेक जण पाठवत नाहीत, तुम्ही पाठवा.

आता महत्त्वाचं. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा, त्यातून अ-ब-क-ड वर्गांची अनुदानित वाचनालयं अगदी खेड्यापर्यंत आहेत. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, ती कॅलेंडर वर्षानुसार असते. पुस्तक पाठवलंत तरच विचार होतो. राज्य वाङ्मय पुरस्कारांचंही तसंच, आधीच्या कॅलेंडर वर्षातली पहिली आवृत्ती लागते. प्रथम प्रकाशनात कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे आणि तो श्री. ना. पेंडशांच्या नावाचा आहे, म्हणजे आपल्या दापोलीकडचाच माणूस. म्हणून डिसेंबरात घाईनं छापू नका. जानेवारी ते मार्चमध्ये काढलंत तर ते वर्ष पूर्ण हाताशी राहतं.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजनाही आहे, पहिल्या पुस्तकाला. छापायच्या आधी तिचे नियम वाचा, छापून झाल्यावर उपयोग नाही.

परळचा_चाकरमानी

ताई, आमचं गाव लांज्याकडे, मंडळाची खोली परळला. तुमचा वाचक कोण ते सांगतो. शिमग्याला रात्रीच्या गाडीत उभ्यानं जाणारा माणूस. त्याला पुस्तकाच्या दुकानात जायची सवय नाही, पण मंडळाच्या स्नेहसंमेलनात टेबल लावलंत आणि "आपल्या गावच्या वादावर आहे" एवढं कानावर गेलं तर दोन प्रती घेईल, एक भावासाठी. मंडळाच्या सेक्रेटरीला आधी एक प्रत वाचायला द्या. न वाचता तो टेबल लावू देणार नाही, आणि वाचल्यावर कदाचित अजिबातच देणार नाही. :-)

शिमग्यात गावात विकायला जाऊ नका. तेव्हा कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. गणपती बरे. दुपारी माणसं ओटीवर लोळत असतात.

मालवणी_मसालो

ताई, ता पुस्तक देवळात नेव नको. गाऱ्हाणा घालूचा तर घाल, घरच्या देवाक नारळ दी, पण प्रकाशन देवळात नको. एकदा देवळात नेलंस काय मानकरी ईचारतले, पयलो नारळ कोणी फोडूचो. मगे तुझ्या पुस्तकाचीच पालखी सहाणेर बसात.

सड्यावरची

@मालवणी_मसालो, हसून हसून पुरेवाट. काकांना हेच वाचून दाखवते.

काळा_कोट

हसण्यावारी गेलं, पण मुद्दा खरा आहे. देवळात प्रकाशन केलंत की पुस्तकाला गावाची संमती आहे असा अर्थ निघतो. मग ज्याला पुस्तक खटकलं त्याचं भांडण लेखिकेशी न राहता देवस्थान समितीशी होतं. म्हणजे तुम्ही कादंबरीत जे लिहिलंय तेच.

कायद्याचं थोडक्यात. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९, जुन्या दंडसंहितेत ते २९५-अ होतं. त्यात हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट असावा लागतो, आणि न्यायालयानं दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. एका गुरवाच्या सुनेला मानकऱ्यांचा राग येतो हे त्यात बसत नाही. तक्रार अर्ज मात्र कोणीही देऊ शकतो आणि पोलीस ठाण्यात बोलावणं येऊ शकतं, एवढी मनाची तयारी ठेवा.

खरी भीती बदनामीची, कलम ३५६. "सर्व पात्रं काल्पनिक" ही ओळ छापा, पण तिच्या भरवशावर राहू नका. माणूस ओळखू येत असेल तर ती ओळ वाचवत नाही. खऱ्या माणसाचा एक पाय लंगडा असेल आणि त्यानं खरंच देवस्थानचे पैसे खाल्ल्याची गावात चर्चा असेल, तर कादंबरीत एक तर पाय बदला नाही तर पैसे.

परळचा_चाकरमानी

दोन्ही बदला. आमच्याकडे लंगडे तीन आहेत.

हर्णैबंदर

सातवं प्रकरण मागवून वाचलं. भाषा आवडली, खाडीचं वर्णन तर फार. दोन गोष्टी मनापासून सांगतो, राग मानू नका.

पहिली. मोहल्ल्यातले चाचा पालखीला पाणी देतात, दोन शहाणपणाची वाक्यं बोलतात आणि निघून जातात. आम्ही कोकणी मुसलमान कथा-कादंबऱ्यांत असेच येतो, चांगुलपणाचा दाखला द्यायला. त्यांचंही काही भांडण असू द्या. मोहल्ल्याच्या जमातीची निवडणूक असेल, जमिनीचा सातबारा असेल, आखातात गेलेल्या मुलाची दुसरी बायको असेल. आमच्याकडेही मानपान आहे हो, तुमच्याइतकाच.

दुसरी. तुमची कथा २०१९च्या शिमग्यात घडते आणि एकाच संध्याकाळी होळीचा होम आणि इफ्तार एकत्र दाखवलेत. प्रसंग सुंदर आहे, पण २०१९ला होळी मार्चमध्ये होती आणि रमजान मे महिन्यात सुरू झाला. आमचं एकही घर हे वाचून पुढं जाणार नाही. २०२४ला होळी २४ मार्चला आली आणि रमजान १२ मार्चपासून चालू होता. तिथं न्या.

सड्यावरची

@हर्णैबंदर, राग कसला, २०२४ करते. चाचांचं मात्र एवढ्यात जमेल का माहीत नाही. जमीन आधीपासून कथेत आहे, तिथून काही धागा काढता येईल.

काळा_कोट

२०२४ करत असाल तर एक विसरू नका. १६ मार्च २०२४ला लोकसभेची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागली. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान ७ मेला होतं. तुमचे तहसीलदार तीन-तीन बैठका घेतात, चहा पाजतात. होळीच्या आठवड्यात तहसीलदार निवडणुकीच्या प्रशिक्षणात असणार. वादाचा कागद समोर आला तर त्याला एकच हवं असतं, या महिन्यात काही घडू नये.

पायरीचा_आंबा

हे फार चांगलं आहे! तहसीलदार दुष्टही नाही, शहाणाही नाही, फक्त निवडणूक डोक्यावर आहे म्हणून "पालखी सहाणेवरून हलवायची नाही" असा तोंडी हुकूम देऊन मोकळा होतो. दोन्ही वाड्यांना वाटतं, दुसऱ्यानं वरून फोन लावला. कादंबरीला आत्ता कणा मिळाला. प्रकाशकाकडून हे मिळालं असतं का, हा प्रश्न मात्र माझ्याच पहिल्या प्रतिसादावर उलटतोय, तो सोडून देऊ.

मंडणगडवरून

वाचतोय केव्हापासून. पहिली तीन प्रकरणं मीही मागवली होती. ताई, गावात वाड्या किती दाखवल्यात? मधलीवाडी, गुरववाडी, भंडारवाडी, कुळवाडी, मोहल्ला. बौद्धवाडी कुठाय?

विचारण्याचं कारण सांगतो. आमच्या आज्यापर्यंत पालखीपुढं वाजवणं हे आमचं काम होतं. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी ती कामं सोडली, आणि कित्येक गावांत त्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. तुमच्या पालखीपुढं ढोल कोण वाजवतं, हे एका ओळीतही नाही. मानाच्या वादावर कादंबरी आणि ज्यांनी तो मान नाकारला त्यांचा उल्लेखच नाही, तर अर्धंच गाव लिहिलंय असं वाटतं.

विक्रीचं विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या लोकांत पुस्तक विकत घेऊन वाचायची सवय जास्त आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ पुस्तकांचे स्टॉल बघा एकदा. पण बौद्धवाडी फक्त विक्रीसाठी आठवू नका.

सड्यावरची

@मंडणगडवरून, हा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या गावात शिमग्याला ढोल बाहेरून येतात, सुपारी देऊन. का येतात ते घरात कधी कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. गुरवाच्या सुनेनं ते विचारावं असं वाटतंय. सासऱ्याला विचारेल ती, आणि सासरा उत्तर देणार नाही.

मंडणगडवरून

सासरा उत्तर देईल असं लिहा. खोटं देईल. ते जास्त खरं वाटेल.

खिळेजुळारी

हे सगळं घातलंत तर २२४ पानांत कसं बसणार? :-) ठीक आहे, दुसरीकडचं कापा. मजकूर वाढवायचाच असेल तर अक्षर अर्ध्या पॉइंटनं कमी करता येतं, पण गावातले वाचक साठीच्या पुढचे, अक्षर बारीक नको.

देवीचं नाव वाघजाई ठेवलंत ते उत्तम. प्रत्येक डोंगराला एक वाघजाई आहे, कुठल्या गावची ते कोणी सिद्ध करू शकत नाही.

पायरीचा_आंबा

किमतीचं राहिलं. विक्रेता चाळीस ते पन्नास टक्के कमिशन मागतो. म्हणून छापील किंमत निर्मितीखर्चाच्या निदान तिप्पट ठेवावी लागते, नाही तर दुकानातून विकलेल्या प्रतीमागे तुमच्या हाती फारसं काही उरत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ती एक डोकेदुखी कमी. ई-बुक काढायचं तर किंडलवर मराठी चालतं. आपल्या देशातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवं असेल तर ई-बुक काही काळ फक्त त्यांच्याकडेच ठेवायची अट असते, नाही तर पस्तीस. छापील निघून सहा महिने झाल्यावर बघा.

आणि पीडीएफ कोणाला म्हणजे कोणालाच नाही. परीक्षणासाठी मागितली तरी छापील प्रत पाठवा. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ पडली की संपलं. तिथं टाकायचंच तर पहिल्या प्रकरणाचं ध्वनिमुद्रण टाका, स्वतःच्या आवाजात. भजनाच्या क्लिपा पूर्ण ऐकणारी माणसं आहेत ती, दहा मिनिटं ऐकतील.

वाशिष्ठीकाठ

अभिवाचन हाच आपल्याकडचा प्रचार. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, आमचं चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. २०२१च्या जुलैत पुराच्या पाण्यात आमचं पुस्तकांचं किती गेलं ते लिहीत नाही, पण लोक पुन्हा आले. तुम्ही येऊन चाळीस मिनिटं वाचा, नंतर प्रश्न घ्या. भाषणं नकोत, सत्कार नकोत, नारळ तर नकोच (मालवणीभाऊ, दखल घ्यावी). कोमसापच्या (कोकण मराठी साहित्य परिषदेच्या) तालुका शाखांना आधी पत्र टाका, त्यांचे कार्यक्रम दोन-तीन महिने आधी ठरतात. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात वाचायला मिळालं तर सोडू नका.

काकांना काय सांगणार?

सड्यावरची

काकांशी काल बोलले. प्रकाशन देवळात नाही, गावच्या शाळेच्या पडवीत. काका अध्यक्ष. पहिली प्रत कोणाला द्यायची यावर मात्र अर्धा तास वाद झाला. शेवटी कोणालाच द्यायची नाही असं ठरलं. टेबलावर ठेवायची, ज्याला हवी त्यानं पैसे टाकून घ्यायची.

मजकूर पुन्हा हातात घेतलाय. ढोलाचं प्रकरण नवीन लिहितेय, चाचांचं जमिनीचं भांडण तिसऱ्या प्रकरणात आणतेय, तहसीलदारांच्या दोन बैठका गेल्या. शिमग्यापर्यंत छापून होणार नाही. गणपतीच्या आधी करते.

मालवणी_मसालो

माका एक प्रत व्हयी. फुकट नको, पैशे देतंय. सही मात्र कर.

खिळेजुळारी

गणपतीआधी हवं असेल तर फाईल जूनच्या शेवटाला द्या. जुलैत वीज जाते, ऑगस्टमध्ये सगळ्या मंडळांच्या अहवालांची छपाई असते. आधी एक डमी काढून देईन, ती तुमच्या शिक्षिकाबाईंना कागदावर वाचायला द्या. पडद्यावर न दिसणारं कागदावर दिसतं.

वाशिष्ठीकाठ

आमच्या वाचनालयासाठी दोन प्रती. भेट म्हणून आणू नका, बिल आणा. बिलावर प्रकाशक म्हणून तुमचं नाव, पत्ता, बिल क्रमांक, छापील किंमत आणि सूट वेगवेगळी लिहा. ऑडिटला सूट वेगळी दाखवलेली लागते.